फोटोखाली नाव कोणाचे?

मुंबईत १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा छायाचित्रणाची कला जगाला माहीत होऊन जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीचे सभासद होते. त्याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईत येणाऱ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांतली अनेक चित्रे तयार करण्याची जॉन्सनची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. माणसांच्या समूहाचा फोटो एकीकडे काढायचा, एखाद्या देवळाचा, तलावाचा किंवा रस्त्याचा फोटो दुसरीकडे घ्यायचा आणि छापताना ती माणसे त्या देखाव्यावर नेऊन बसवायची. पाहणाऱ्याला वाटावे की ही मंडळी आपल्या नेहमीच्या जागी उभी आहेत; प्रत्यक्षात मात्र त्यांची जागा छायाचित्रकाराने ठरवलेली असे. चित्राखाली जातीचे नाव येई, चित्रातल्या माणसाचे सहसा येत नसे.

हीच वृत्ती पुढे सरकारी प्रमाणावर राबवली गेली. गव्हर्नर जनरल कॅनिंगच्या आवडीतून सुरू झालेल्या संग्रहाचे ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. त्यांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रे होती आणि प्रत्येकाला जोडून त्या जमातीचा स्वभाव, तिची राजनिष्ठा, तिची गुन्हेगारी यांबद्दल चार ओळींचे निकाल होते. १८६९ साली लंडनमध्ये असताना सर सय्यद अहमद खान आपल्या मुलांसह इंडिया ऑफिसमध्ये, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्यात, गेले. त्यांचा मुलगा महमूद हे पुस्तक चाळत असता एका तरुण इंग्रजाने त्याला विचारले, तुम्ही हिंदुस्थानी आहात काय? महमूद होय म्हणाला, पण म्हणताना लाजला, आणि लगोलग सांगू लागला की आम्ही इथले मूळ रहिवासी नव्हेत, आमचे पूर्वज परदेशातून आलेले आहेत. सय्यद अहमद यांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. एरवी आपण वसाहतकालीन छायाचित्रणाबद्दल बोलतो ते गोऱ्यांनी काळ्यांकडे कसे पाहिले एवढ्यापुरते. इथे एक सुशिक्षित हिंदी तरुण ती चित्रे पाहून इंग्रजावर रागावत नाही; चित्रातल्या आपल्याच देशबांधवांपासून तो स्वतःला अलग करतो. फोटोने समाजात नवी उतरंड निर्माण केली असे मी म्हणणार नाही, कारण उतरंड आधीपासून होतीच. फोटोने तिला पुराव्याचे रूप दिले. जात ही वागण्याची आणि अन्यायाची गोष्ट असताना ती नाकडोळ्यांत, पागोट्यात आणि उघड्या अंगात दिसू शकते अशी समजूत या चित्रांनी रुजवली, आणि त्या समजुतीचा फायदा ज्यांना होणार होता त्यांनी ती मनोमन स्वीकारली.

सांस्कृतिक ओळख आणि सामाजिक प्रश्न यांचा शोध कॅमेऱ्याने घेता येतो का, या प्रश्नाची चर्चा आज बहुधा कॅमेरा कोणाच्या हातात आहे या मुद्द्यापाशी येऊन थांबते. तो मुद्दा खरा आहे, पण अपुरा आहे. फोटोत जे दिसते त्यावर पुढे बरेच काही चढवले जाते. पार्श्वभूमी निवडली जाते, कडा कापल्या जातात, खाली ओळ लिहिली जाते, शेजारी दुसरे चित्र ठेवले जाते, मग तो फोटो वर्तमानपत्रात, दालनात किंवा मोबाइलवर कोणापुढे तरी मांडला जातो. या प्रत्येक टप्प्यावर फोटोतल्या माणसाला काही म्हणता येते की नाही, यावर त्या फोटोचा सच्चेपणा ठरतो. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते महाराष्ट्रातल्या आजच्या छायाचित्रणाला लावून पाहिले पाहिजे.

दर वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या निघाल्या की त्यांच्या मागेपुढे कॅमेरे घेतलेल्या लोकांची एक वेगळी वारी निघते. दिवे घाटाचे वळण, रिंगणातला अश्व, पावसात भिजलेला पखवाज, डोईवर तुळस घेतलेली माउली आणि सुरकुत्यांनी भरलेला एखादा हसरा चेहरा ही चित्रे इतक्या वेळा काढली गेली आहेत, की आता छायाचित्रकार वारीत जाण्यापूर्वीच ती मनात घेऊन जातो आणि तिथे फक्त जुळवाजुळव करतो. जेजुरीच्या भंडाऱ्याचेही तेच. या चित्रांखालच्या ओळी पाहाव्यात: श्रद्धा, तेज, भक्तिरंग. ती बाई कोणत्या गावची आहे, कोणत्या दिंडीतून चालते, घरी शेती किती आणि पेरणी उरकून निघाली की टाकून, हे कोणी विचारलेले नसते. वारकरी संप्रदायाने जातीच्या उतरंडीपुढे प्रश्न उभे केले, चोखामेळ्याची वेदना अभंगांत जपली. त्या परंपरेतला चालता बोलता माणूस आपल्या फोटोत निव्वळ पोताचा नमुना होऊन जातो, याची खंत वाटली पाहिजे. जॉन्सनच्या पुस्तकात निदान जातीचे नाव तरी असे.

कायद्याची एक बाजूही इथे पाहण्यासारखी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कोणी मोबदला देऊन स्वतःचा फोटो काढवून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. एरवी मालकी छायाचित्रकाराची, आणि तो नोकरीत असेल तर बहुतेक वेळा त्याच्या मालकाची. म्हणजे स्टुडिओत जाऊन लग्नाचा फोटो काढणारे जोडपे आपल्या प्रतिमेचे मालक ठरते, आणि घाटात ज्या आजीचा फोटो काढून कोणी स्पर्धेत बक्षीस मिळवतो तिला त्या फोटोची एक प्रतही मागण्याचा हक्क नसतो. कायदा बदलावा असे मी इथे म्हणत नाही. पण जिथे कायद्याने काही दिलेले नाही तिथे रीतीने काही देता येते, आणि ती रीत आपण पाडलेली नाही.

याहून गंभीर उदाहरण विदर्भ-मराठवाड्यातले आहे. शेतकरी आत्महत्येच्या बातमीसोबत येणारे एक चित्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ठरून गेले आहे. दाराच्या चौकटीत किंवा मातीच्या भिंतीपुढे बसलेली तरुण विधवा, तिच्या मांडीवर किंवा हातात हार घातलेला नवऱ्याचा फोटो, आणि कडेला एखादे मूल. पहिल्यांदा हे चित्र छापले गेले तेव्हा त्याने शहरी वाचकाला हलवले असेल, यात शंका नाही. पण तेच चित्र वर्षानुवर्षे छापत राहिल्याने त्या बाईला एकच ओळख उरली. ती स्वतः शेतकरी आहे, कापूस वेचते, निंदणी-खुरपणी करते, सावकाराशी आणि बँकेशी बोलते, सातबारावर नाव लागावे म्हणून तलाठ्याकडे खेटे घालते, नवऱ्याचा मृत्यू सरकारी समितीपुढे ‘पात्र’ ठरावा म्हणून कागद गोळा करते, यातले काहीही त्या चौकटीत मावत नाही. प्रश्न शेतीच्या धोरणाचा आणि बाईच्या मालमत्तेच्या हक्काचा असताना फोटो तो दुःखाचा करून टाकतो. नवऱ्याची तसबीर भिंतीवरून काढून तिच्या हातात कोणी दिली, हा साधा प्रश्नही आपण वाचक म्हणून स्वतःला विचारत नाही.

याच्या उलट वाटेने गेलेले एक काम सुधारक ओलवे यांचे आहे. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे त्यांनी अनेक वर्षे काळ्यापांढऱ्या छायाचित्रांत टिपले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्या कामाचे महत्त्व त्याआधीपासूनचे आहे. शहराचा कचरा आणि मैला उचलणारा हा कामगारवर्ग जवळजवळ संपूर्णपणे दलित आहे, आणि शहराला ते माहीत असूनही शहर ते बोलत नाही. ओलवे यांच्या चित्रांत गटाराच्या तोंडातून वर येणारे शरीर आहे, उघड्या हातांनी उपसलेली घाण आहे, आणि ती पाहणे अवघड जाते. तरीही मला त्या कामाचे मोल या धक्क्यात वाटत नाही. धक्का कोणीही एका दुपारी देऊ शकतो. पुन्हा पुन्हा त्याच माणसांकडे जाणे, कामाच्या जागेवरून त्यांच्या वस्तीपर्यंत आणि घरापर्यंत जाणे, त्यांची व्यसने, आजारपणे, मुलांच्या शिक्षणाची धडपड या सगळ्यांना एकाच गोष्टीचे भाग म्हणून मांडणे, यामुळे पाहणाऱ्याच्या लक्षात येते की इथे जात चेहऱ्यावर दिसत नसून कामाच्या वाटणीत दिसते आहे. जॉन्सनने जी गोष्ट पागोट्यात शोधली ती ओलवे यांच्या चित्रांत हजेरीच्या चौकीत, हातमोजे नसलेल्या हातांत आणि बापाच्या जागी कामावर लागणाऱ्या मुलात सापडते.

अशा छायाचित्रांनी कायदे झाले असा दावा करणे मात्र खोटेपणाचे होईल. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा अधिक व्यापक कायदा २०१३ चा. गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१४ चा, आणि ती रक्कम तीस लाखांवर नेणारा निकाल २०२३ चा. यातले बरेचसे सफाई कर्मचारी आंदोलनासारख्या संघटनांच्या आणि कामगारांच्या चिकाटीमुळे घडले. आणि एवढे होऊनही माणसे गटारात उतरून मरतच आहेत. छायाचित्राचे काम वेगळे आहे. आम्हाला कल्पना नव्हती, ही सबब ते काढून घेते. सामाजिक प्रश्नावरच्या छायाचित्राकडून याहून जास्त मागू नये आणि याहून कमीवर समाधानही मानू नये.

आता पालघर जिल्ह्यातली दोन कामे. दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल २०१३ च्या सुमारास डहाणू तालुक्यातल्या गंजाड या गावी राहिल्या आणि तिथले वारली चित्रकार राजेश वनगड यांच्याबरोबर त्यांनी गावाची, डोंगराची, झाडांची काळीपांढरी छायाचित्रे काढली. वनगड जागा दाखवत, तिथे काय घडले ते सांगत. छायाचित्रे तयार झाल्यावर एक गोष्ट उघड झाली, की वनगड यांनी सांगितलेले फारच थोडे त्यांत उतरले आहे. झाड होते, झाडातला देव नव्हता. माळ होता, त्या माळावरून दुष्काळात निघून गेलेली माणसे नव्हती. तेव्हा वनगड यांनी त्या छायाचित्रांवरच आपल्या रेषेने चित्रे काढली. आकाशभर, जमिनीभर वारली आकृत्या पसरल्या, आणि कॅमेऱ्याला जे दिसले नव्हते ते तिथल्या माणसाने त्यावर लिहून ठेवले. ही चित्रे दोघांच्या नावाने ओळखली जातात.

या चित्रांकडे पाहताना मला जॉन्सनची आठवण होते, कारण तंत्र जवळजवळ तेच आहे. दोन्हीकडे छायाचित्रावर नंतर काहीतरी चढवलेले आहे आणि दोन्हीकडे चित्र ‘शुद्ध’ राहिलेले नाही. तरी एकात माणसाला परक्या जागेवर चिकटवले आहे आणि दुसऱ्यात माणसाने आपल्या जागेवर आपला हक्क सांगितला आहे. फोटोत फेरफार झाला की तो खोटा, ही आपली ढोबळ कसोटी इथे निरुपयोगी ठरते. फेरफार कोणी केला आणि त्यामुळे कोणाचे ज्ञान चित्रात आले, हे विचारावे लागते.

दुसरे काम जव्हारचे. जव्हार-मोखाड्याकडच्या गावांत बोहाडा होतो. रात्रीमागून रात्री देवदेवतांची सोंगे निघतात आणि त्यासाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे तयार होतात. २०१५ पासून गिल यांनी सुभाष आणि भगवान धर्मा कडू या मुखवटे घडवणाऱ्या भावांबरोबर, त्यांच्या कुटुंबीयांबरोबर आणि गावातल्या इतर कोकणा व वारली लोकांबरोबर काम केले. देवांचे नेहमीचे मुखवटे त्यांनी मागितले नाहीत. आजच्या माणसांचे, प्राण्यांचे, वापरातल्या वस्तूंचे नवे मुखवटे कलाकारांनी बनवले, आणि गावकरी ते घालून दवाखान्यात, शाळेत, दुकानात, रस्त्यावर आपल्या नेहमीच्या व्यवहारात फोटोसाठी उभे राहिले. काय दाखवायचे आणि कसे उभे राहायचे, हे त्यांनीही ठरवले. आदिवासी चेहऱ्याचे कुतूहल घेऊन येणाऱ्या कॅमेऱ्यापुढे चेहराच झाकलेला, आणि झाकणारी वस्तू त्याच समाजाच्या कारागिरीतून आलेली. दीडशे वर्षे चेहरे मोजणाऱ्या छायाचित्रणाला दिलेले इतके नेमके उत्तर मी दुसरे पाहिलेले नाही. चेहरा दिसत नसल्यामुळे नजर इतरत्र जाते आणि दवाखान्याची खाट, दुकानातला माल, भिंतीचा रंग, बसण्याची ढब, अंगावरचे कपडे दिसू लागतात. कुपोषणाच्या बातम्यांपुरता माहीत असलेला जव्हार तालुका तिथे माणसांच्या राबत्या गावासारखा दिसतो.

गिल आदिवासी नाहीत, मराठीही नाहीत. म्हणून ज्याने त्याने आपल्याच समाजाचे फोटो काढावेत, हा आग्रह मला पुरता पटत नाही. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजांतल्या तरुणांच्या हाती कॅमेरे आले पाहिजेत, वर्तमानपत्रांच्या छायाचित्र विभागांत त्यांना नोकऱ्या मिळाल्या पाहिजेत, हे निर्विवाद आहे. आज ते प्रमाण लाजिरवाणे आहे. पण समाजातलाच माणूसही आपल्या बायकांकडे पुरुषाच्या नजरेने पाहू शकतो, पोटजातीच्या अभिमानाने पाहू शकतो, किंवा बाहेरच्या बाजारात काय खपते ते ओळखून आपल्याच लोकांचे तेच ते चित्र विकू शकतो. बाहेरून आलेल्याने वेळ दिला, अधिकार वाटून घेतला आणि श्रेय लिहून दिले, तर त्याचे काम समाजाच्या उपयोगी पडते. जन्म ही हमी नाही. कामाची रीत पाहावी.

या रीतीतली पहिली गोष्ट नाव ही आहे, असे मी मानतो. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या उपक्रमात देशभरातल्या जिल्ह्यांतले चेहरे गोळा करण्याचे काम चालते. तिथे चेहऱ्यासोबत माणसाचे नाव, काम आणि गाव दिलेले असते. साधी गोष्ट वाटते, पण तिच्यामुळे पाहण्याची तऱ्हा बदलते. ‘शेतमजूर स्त्री’ असे लिहिले की पाहणारा एका वर्गाकडे पाहतो. नाव आणि गाव लिहिले की ती बाई उद्या वर्तमानपत्राला पत्र लिहून, मी असे म्हटले नव्हते, हे सांगू शकते. अमेरिकेत १९३६ साली डोरोथिया लँग यांनी काढलेल्या स्थलांतरित मजूर आईच्या फोटोतल्या बाईचे, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन यांचे, नाव जगाला कळायला १९७८ साल उजाडावे लागले. चेरोकी वंशाच्या या बाईला तोवरची चाळीस वर्षे जगाने गोऱ्या गरिबीचे प्रतीक मानले होते. आपला फोटो काढलाच नसता तर बरे झाले असते, असे त्या म्हणाल्या.

नावाचा आग्रह सर्वत्र धरता येणार नाही, हेही तितकेच खरे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. जातीय अत्याचाराची तक्रार करणारे कुटुंब गावात राहत असते, साक्षीदार फुटत असतात, अशा वेळी फोटोतला चेहरा आणि नाव त्यांच्या जिवावर उठू शकते. आणि भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ मधल्या युनियन कार्बाइड कंपनीच्या वायुगळतीनंतर पुरल्या जाणाऱ्या बाळाचे चित्र, रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपलेले, आजही निनावी आहे. ते निनावीपण हा त्या कंपनीने केलेल्या अपराधाचाच भाग आहे. असे प्रसंग ओळखण्याचा विवेक छायाचित्रकाराजवळ आणि संपादकाजवळ हवा. पण हा विवेक वारीतल्या आजीचे नाव न विचारण्याचे निमित्त होऊ शकत नाही. तिथे कोणताही धोका नव्हता, फक्त आळस होता.

आणि एक मोठा साठा आपण पाहतच नाही. महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत फोटो स्टुडिओ होते. तिथे रंगवलेले पडदे असत, त्यांवर महाल, बागा, जिने; माणसे आपल्या पसंतीच्या पडद्यापुढे, आपल्या पसंतीच्या कपड्यांत, कधी उसन्या घड्याळासह उभी राहत आणि त्याचे पैसे मोजत. ज्यांच्या आजोबांना गावात चांगला सदरा घालून फिरणे मुश्कील होते अशा घरांतल्या मुलांनी सूट घालून फोटो काढले, आणि त्यामागे बाबासाहेबांच्या सुटातल्या छायाचित्राचे बळ होते. सामाजिक इतिहासाचा इतका थेट पुरावा दुसरा क्वचितच मिळेल, कारण इथे स्वतःला कसे पाहिले जावे हे त्या माणसांनीच ठरवले होते. हे अल्बम पत्र्याच्या पेट्यांत पडून आहेत. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या आणि २०२१ च्या चिपळूण-महाडच्या पुरात घरांत पाणी शिरले तेव्हा कागदपत्रांबरोबर तेही भिजले.

छायाचित्र स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनी प्रवेशिकेबरोबर फोटोतल्या व्यक्तीचे नाव, गाव आणि संमती मागावी. धोका असेल तिथे कारण लिहून सूट द्यावी. बक्षीस मिळालेल्या फोटोची छापील प्रत त्या व्यक्तीपर्यंत पोहोचवण्याचा खर्च आयोजकांनी करावा आणि प्रदर्शन शहरातल्या दालनाआधी त्या गावच्या शाळेत किंवा एसटी स्थानकावर भरवावे. वर्तमानपत्रांनी विधवेच्या हातात तसबीर देणे थांबवावे. विद्यापीठांचे इतिहास विभाग आणि तालुक्याची ग्रंथालये यांनी मिळून घरोघरच्या अल्बमांच्या प्रती करून घ्याव्यात, मूळ अल्बम घरातच राहू द्यावेत आणि कोणता फोटो सार्वजनिक करायचा हे घरच्यांनी ठरवावे. यंत्रे आता स्वस्त आहेत आणि हे काम पदवीच्या विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे आहे. मात्र त्याची सुरुवात नावे लिहून घेण्यापासून झाली पाहिजे, कारण साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या फोटोंतली माणसे चेहऱ्यावरून ओळखू शकणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.